निवृत्तीसाठी राज्य निवडण्याचा अमेरिकी रिवाज

अमेरिकेत वयाच्या पासष्टीआधी नोकरी सोडू पाहणारी माणसे घर शोधण्यापूर्वी दोन तक्ते मांडतात. पहिल्यात कोणते राज्य प्राप्तिकर, मालमत्ता कर आणि विक्रीकर किती घेते याची नोंद असते. दुसऱ्यात त्या राज्यातल्या अमुक कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आपल्या वयाला आरोग्य विम्याचा हप्ता किती पडेल, हे असते. हवापाणी, समुद्र, मुले-नातवंडे यांचा विचारही होतोच. पण उरलेले आयुष्य साठवलेल्या पुंजीवर काढायचे असेल, तर या दोन तक्त्यांवाचून पुढे जाता येत नाही.

भारतात हा प्रश्न पडत नाही. प्राप्तिकर केंद्र सरकार घेते. माणूस नागपुरात राहिला काय नि पणजीत, दर तोच. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला फार तर २,५०० रुपये, आणि तोही कमावत्याकडून. अमेरिकेत केंद्राच्या प्राप्तिकरावर राज्याचा वेगळा प्राप्तिकर असतो. तो ठेवायचा की नाही हे ज्या त्या राज्याने ठरवायचे, आणि विमा कंपन्यांवरचे नियंत्रणही बव्हंशी राज्यांच्या हाती. सरकारी निवृत्तिवेतन देशभर एकाच नियमाने मिळते, कर राज्याची हद्द ओलांडली की बदलतो आणि विम्याचा हप्ता तर कौंटीगणिक बदलतो. या तिहेरी विसंगतीतून हा रिवाज घडत गेला.

गावाला बांधलेले म्हातारपण

एकोणिसाव्या शतकापर्यंत म्हाताऱ्या माणसाला गाव सोडणे परवडत नसे. इंग्लंडच्या जुन्या गरीब-कायद्याची पद्धत अमेरिकी वसाहतींनी उचलली होती. निराधाराला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळ गावाची असे, आणि दुसऱ्या गावात गेले की तो हक्क सुटे. न्यू इंग्लंडमधली गावे परगावाहून आलेल्या गरिबाला रीतसर नोटीस देऊन परत जायला सांगत. त्यामुळे शेतकरी मुलाच्या घरी राही, ज्याला कोणी नसे तो गावच्या अनाथगृहासारख्या गरीबघरात जाई. निवृत्ती हा आयुष्याचा वेगळा टप्पा म्हणून ओळखलाच जात नव्हता.

पहिले फिरते पैसे आले ते यादवी युद्धातून. केंद्र सरकारने १८६२ मध्ये उत्तरेच्या सैनिकांसाठी पेन्शनचा कायदा केला आणि १८९० मध्ये तो बराच सैल केला. युद्धात जखमी झालेला नसला तरी अंगमेहनतीचे काम न झेपणारा माजी सैनिक पेन्शनला पात्र ठरू लागला. १८९० च्या दशकात केंद्राच्या एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग या पेन्शनवर जाई. हा पैसा वॉशिंग्टनहून येत असल्यामुळे माणूस कोणत्या गावी राहतो याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

ही गोष्ट जमिनीच्या व्यापाऱ्यांच्या लगेच ध्यानात आली. इंडियानामधले वकील आणि संपादक फिलँडर फिट्झजेराल्ड यांनी १८९५ मध्ये जॉर्जिया राज्यात उत्तरेच्या माजी सैनिकांसाठी एक वसाहत उभारली. तिला त्यांचेच आडनाव मिळाले. तिथल्या रस्त्यांना युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या सेनापतींची नावे दिलेली आहेत. फ्लोरिडातले सेंट क्लाऊड १९०९ मध्ये याच हेतूने वसले. तिथे रस्त्यांना राज्यांची नावे मिळाली: मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क. बर्फाला कंटाळलेला पेन्शनर आपल्याच राज्याच्या नावाच्या रस्त्यावर, पण उन्हात, घर बांधू शकत होता. परराज्यात जाऊन निवृत्त होण्याच्या प्रथेचा हा पहिला आराखडा. त्यात कराचा विचार अजून नव्हता, कारण राज्यांचा म्हणावा असा प्राप्तिकरच नव्हता.

फ्लोरिडाची घटनादुरुस्ती

राज्यस्तरावरचा परिणामकारक प्राप्तिकर विस्कॉन्सिनने १९११ मध्ये प्रथम आणला. दोन वर्षांनी सोळाव्या घटनादुरुस्तीने केंद्रालाही तो अधिकार दिला. इतर राज्ये विस्कॉन्सिनच्या मागे जाऊ लागली, तेव्हा फ्लोरिडाने उलटी वाट धरली. उद्योगपती हेन्री फ्लॅग्लर यांची रेल्वे १८९६ मध्ये मायामीला पोचली होती, विसाच्या दशकात जमिनीचे भाव गगनाला भिडले होते आणि राज्याला उत्तरेकडचे श्रीमंत लोक हवे होते. नोव्हेंबर १९२४ मध्ये मतदारांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून प्राप्तिकर आणि वारसा कर या दोन्हींवर बंदी घातली.

इतर राज्ये चिडली. आपले धनवान नागरिक मरणापूर्वी दक्षिणेला पळतील, अशी त्यांना धास्ती होती. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९२६ मध्ये त्यावर तोड काढली. मृताच्या मालमत्तेवरच्या केंद्रीय करातून, राज्याला भरलेला वारसा कर ८० टक्क्यांपर्यंत वजा करता येईल, असा कायदा झाला. याचा अर्थ असा की फ्लोरिडाने कर घेतला नाही तरी वारसांचे पैसे वाचणार नव्हते. ते वॉशिंग्टनला जाणार होते. फ्लोरिडाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९२७ च्या जानेवारीत न्यायालयाने ती फेटाळली. तोवर जमिनीचा फुगा फुटला होता आणि सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने मायामीची दैना केली होती. अखेर १९३० मध्ये राज्याने पुन्हा घटना बदलली आणि केंद्र जेवढी वजावट देईल तेवढाच वारसा कर घेण्याची मुभा स्वतःला दिली. या तरतुदीचा शेवट मोठा गमतीदार झाला. २००१ च्या केंद्रीय कायद्याने ही वजावट टप्प्याटप्प्याने बंद केली, २००५ मध्ये ती शून्यावर आली, आणि फ्लोरिडाचा वारसा कर कोणी काहीही न करता आपोआप संपला.

वैयक्तिक प्राप्तिकरावरची बंदी टिकली. कंपन्यांवर प्राप्तिकर लावण्याची परवानगी मतदारांनी १९७१ मध्ये दिली, व्यक्तींवर मात्र नाही. राज्य चालवायला पैसा तर लागतोच. तो १९४९ पासून विक्रीकरातून येऊ लागला. सुरुवातीला ३ टक्के असलेला हा कर पुढे ६ टक्क्यांवर गेला. करमुक्त म्हणवणाऱ्या प्रत्येक राज्याची हीच कथा आहे. टेक्सास आणि न्यू हॅम्पशायर मालमत्ता करावर भिस्त ठेवतात. अलास्काने तेलाचा पैसा आल्यावर १९८० मध्ये प्राप्तिकर रद्द केला. टेनेसीने व्याज आणि लाभांशावरचा कर २०२१ पासून उठवला, न्यू हॅम्पशायरने तसाच कर २०२५ पासून. नेवाडा, साउथ डकोटा, वॉशिंग्टन आणि वायोमिंग धरून पगारावर प्राप्तिकर न घेणारी राज्ये नऊ होतात. पगार नसलेल्या निवृत्त माणसाला मात्र पहिला प्रश्न विचारावा लागतो तो हा, की हे राज्य प्राप्तिकराऐवजी कोणत्या खिशात हात घालते.

राज्य बदलले हे सिद्ध करणे सोपे नाही, हेही त्याच काळात दिसून आले. कॅम्पबेल सूप कंपनीचे जॉन डॉरन्स १९३० मध्ये वारले. त्यांचे जुने घर न्यू जर्सीत होते, पण काही वर्षांपासून कुटुंबाचा वावर पेनसिल्व्हेनियातल्या मोठ्या वाड्यात असे. दोन्ही राज्यांनी त्यांना आपले रहिवासी ठरवले, दोन्ही राज्यांच्या न्यायालयांनी आपापल्या सरकारची बाजू उचलून धरली आणि एकाच मालमत्तेवर कोट्यवधी डॉलरचा कर दोनदा भरावा लागला. माणसाला घरे कितीही असली तरी कायद्याने अधिवास एकच असतो. तो कुठला, याबद्दल मात्र दोन राज्यांचे एकमत होईलच असे नाही. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस नव्या राज्यात काढणे, वाहन परवाना बदलणे, मतदार यादीत नाव घालणे, बँकेचा आणि डॉक्टरचा पत्ता बदलणे या आजच्या काटेकोर सवयींच्या मागे अशा खटल्यांची धास्ती आहे.

सर्वत्र पोचणारा धनादेश

महामंदीने म्हातारपणाचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणला. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला तेव्हा ‘समुद्राकाठचे आयोवा’ म्हणत. मध्यपश्चिमेतले शेत विकून आलेले वृद्ध तिथे दाटीवाटीने राहत. त्याच गावातले डॉक्टर फ्रान्सिस टाउनसेंड यांनी १९३३ मध्ये एक योजना मांडली. साठी उलटलेल्या प्रत्येकाला सरकारने महिना २०० डॉलर द्यावेत आणि त्याने ते महिन्याच्या आत खर्चून टाकावेत, अशी ती होती. हिशेबाच्या कसोटीवर ती टिकणारी नव्हती, पण देशभर तिच्या बाजूने मंडळे उभी राहिली.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सरकारी निवृत्तिवेतन आणणाऱ्या सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. पहिला मासिक धनादेश ३१ जानेवारी १९४० रोजी व्हर्माँटमधल्या लडलो गावच्या आयडा मे फुलर यांच्या नावे निघाला: २२ डॉलर ५४ सेंट. त्यांनी तोवर एकूण २४ डॉलर ७५ सेंट वर्गणी भरली होती. त्या शंभर वर्षे जगल्या आणि त्यांना २२ हजार डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. त्या व्हर्माँटमध्येच राहिल्या. पण तोच धनादेश फ्लोरिडात किंवा ॲरिझोनातही तेवढाच आला असता. सेंट क्लाऊडच्या माजी सैनिकांना जी मोकळीक मिळाली होती, ती आता कोट्यवधी कामगारांना मिळाली.

निवृत्तीचे वयही खाली येऊ लागले. मूळ कायद्यात ते ६५ होते. स्त्रियांना १९५६ मध्ये आणि पुरुषांना १९६१ मध्ये कमी रकमेवर ६२ व्या वर्षी पेन्शन घेण्याची सोय झाली. मोटार कामगारांच्या संघटनेने १९७० च्या मोठ्या संपानंतर वयाऐवजी तीस वर्षांच्या सेवेवर निवृत्तीचे तत्त्व पदरात पाडून घेतले. ‘तीस झाली की बाहेर’ ही त्यांची घोषणा होती. अशा कामगाराला कंपनीचे पेन्शन आणि कंपनीचाच आरोग्य विमा मिळे, त्यामुळे विम्याची चिंता त्याला नव्हती.

सन सिटी आणि शाळांचा कर

१ जानेवारी १९६० रोजी ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराजवळ, कापसाच्या जुन्या शेतांवर, बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी सन सिटी खुली केली. पाच नमुना घरे, दुकानांची ओळ, गोल्फचे मैदान आणि करमणूक केंद्र असे सारे पहिल्या दिवसापासून तयार होते. दहा हजार माणसे येतील असा अंदाज होता. त्या आठवडाअखेरीस सुमारे एक लाख आली. घर घ्यायला वयाची पन्नाशी गाठलेली असावी लागे आणि शाळकरी मुलांना तिथे कायमचे राहता येत नसे. वृद्धांसाठीची वेगळी वस्ती ही कल्पना नवी नव्हती, शेजारचे यंगटाउन १९५४ पासून होतेच. पण निवृत्ती म्हणजे खेळ, छंद आणि मैत्री यांची दुसरी जवानी, ही जाहिरात वेब यांची. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ते झळकले.

मुले नसलेल्या गावाला शाळा नकोत, आणि शाळा नकोत तर शाळेचा कर का, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. अमेरिकेत सरकारी शाळा मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करावर चालतात. सन सिटी पिओरिया शाळा-जिल्ह्यात मोडत होती. नव्या शाळांसाठी कर्जरोखे काढण्याचे प्रस्ताव मतदानाला येत आणि सन सिटीचे मतदार ते पुनःपुन्हा पाडत. वर्गखोल्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा सत्तरच्या दशकात सन सिटीला त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळे काढण्यात आले. नगरपालिका स्थापन करण्यालाही गावाने दाद दिली नाही, त्यामुळे नगरपालिकेचा करही टळला. आजही कागदोपत्री ते शहर नाही, कौंटीतली एक वस्ती आहे.

राज्यांनीही वृद्ध मालमत्ताधारकांची मनधरणी सुरू केली. उत्पन्नाच्या मानाने मालमत्ता कर फार झाला तर सूट देण्याची पद्धत विस्कॉन्सिनने १९६४ मध्ये आणली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जून १९७८ मध्ये ‘प्रस्ताव १३’ संमत करून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि मूल्यातली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली. फ्लोरिडाने १९९२ मध्ये राहत्या घराच्या करमूल्याची वाढ वर्षाला फार तर तीन टक्के केली. या उपायांचा एक परिणाम असा, की जुना रहिवासी स्वस्तात राहतो आणि शेजारचे तसलेच घर नव्याने घेणारा निवृत्त माणूस कितीतरी जास्त कर भरतो.

पेन्शनचा पाठलाग

माणूस हद्द ओलांडून गेला तरी जुने राज्य सहजासहजी हात सोडत नव्हते. कॅलिफोर्नियासह काही राज्यांचा दावा असा होता, की पेन्शन आमच्या हद्दीतल्या कामातून मिळवलेले आहे, तेव्हा ते नेवाडात बसून घेतले तरी त्यावर कर आमचा. नेवाडात प्राप्तिकर नसल्याने तिथे भरलेल्या कराची वजावटही मिळत नसे. नेवाडाचे लोकप्रतिनिधी या प्रश्नावर अनेक वर्षे भांडले. अखेर जानेवारी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला: निवृत्तिवेतनावर कर घेण्याचा अधिकार फक्त राहत्या राज्याचा. राज्य बदलून पेन्शनवरचा कर खऱ्या अर्थाने वाचवता येऊ लागला तो या कायद्यापासून.

त्याआधी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिशिगनविरुद्धच्या खटल्यात आणखी एक भेद मोडला होता. मिशिगन स्वतःच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचे पेन्शन करमुक्त ठेवून केंद्राच्या निवृत्तांवर कर लावत असे. न्यायालयाने ते बेकायदा ठरवल्यावर अनेक राज्यांना आपले नियम पुन्हा लिहावे लागले. सोशल सिक्युरिटीवर १९८४ पासून केंद्राचा कर सुरू झाला, पण बहुतेक राज्यांनी ती रक्कम करातून वगळली. पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉय ही प्राप्तिकर घेणारी राज्ये नियमाप्रमाणे निवृत्त झालेल्याच्या पेन्शनवर मात्र कर घेत नाहीत. त्यामुळे नुसत्या दरांचा तक्ता निवृत्त माणसाची दिशाभूल करतो. आपल्या उत्पन्नाचा प्रकार कोणता, हे त्याआधी पाहावे लागते.

विमा नोकरीला, नियंत्रण राज्याला

दुसऱ्या तक्त्याचे मूळ १९२९ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरात आहे. तिथल्या बेलर रुग्णालयाने शाळामास्तरांना महिना ५० सेंटच्या बदल्यात वर्षाला २१ दिवसांची रुग्णालयसेवा देऊ केली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी कंपन्या पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ लागल्या. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कर नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्के केले. विमा असा नोकरीला चिकटला. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, काँग्रेसने विमा व्यवसायाचे नियंत्रण राज्यांकडेच राहील असा कायदा केला. नोकरी गेलेल्या माणसाला स्वतःपुरता विमा मिळेल की नाही आणि केवढ्याला, हे तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरू लागले.

वृद्धांपुरता हा प्रश्न ३० जुलै १९६५ रोजी सुटला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी जाऊन मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना दिले. डॉक्टरांच्या खर्चासाठीचा हप्ता सुरुवातीला महिना तीन डॉलर होता. वय ६५ झाले की देशात कुठेही राहा, मेडिकेअरची मूळ योजना तीच. गरिबांसाठी त्याच कायद्याने आणलेली मेडिकेड योजना मात्र राज्यांमार्फत चालायची होती आणि तिच्यात शिरायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर होते. सन सिटीचे राज्य ॲरिझोना तिच्यात सर्वांत शेवटी, १९८२ मध्ये आले. त्याआधी १९७४ मध्ये ॲरिझोनाचाच एक नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. कौंटीत एक वर्ष राहिल्याशिवाय गरिबाला मोफत उपचार नाहीत, असा तो नियम होता, आणि न्यू मेक्सिकोतून नुकत्याच आलेल्या, दम्याने आजारी पडलेल्या एका माणसाला त्यामुळे कौंटीच्या रुग्णालयाने नाकारले होते. जुन्या गरीब-कायद्याची सावली इतक्या उशिरापर्यंत टिकून होती.

पासष्टीच्या आत नोकरी सोडणारा मात्र अधांतरी राहिला. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने नोकरी सुटल्यावर कंपनीचा विमा साधारण १८ महिने चालू ठेवायची मुभा दिली, पण हप्त्याचे सगळे पैसे आणि वर दोन टक्के स्वतः भरण्याच्या अटीवर. निवृत्तांच्या भावी उपचारखर्चाची तरतूद ताळेबंदात दाखवण्याचा हिशेबलेखनाचा नियम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि कंपन्यांनी निवृत्तांचा विमा झपाट्याने आवरता घेतला. बाजारात वैयक्तिक विमा घ्यायला जावे तर मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही अर्ज फेटाळायला पुरत असे. मिनेसोटा आणि कनेटिकट यांनी १९७६ मध्ये अशा नाकारलेल्यांसाठी वेगळी योजना काढली आणि पुढे तीसहून अधिक राज्यांनी तिचे अनुकरण केले. न्यू यॉर्कने १९९३ मध्ये सर्वांना विमा आणि सर्व वयांना एकच दर असा नियम केला. तिथे आजाऱ्याला विमा मिळे, पण हप्ते भरमसाट वाढले. आधीपासून आजार असलेल्याला लवकर निवृत्त व्हायचे, तर कर कमी असलेले राज्य शोधून उपयोग नव्हता. विमा देणारे राज्य आधी शोधावे लागे.

डॉलरभराचा कडा

२३ मार्च २०१० रोजी संमत झालेल्या आरोग्य विमा कायद्याने, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात, ही अडचण दूर केली. १ जानेवारी २०१४ पासून आजाराच्या कारणावरून विमा नाकारणे बंद झाले. ६४ वर्षांच्या माणसाला २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीहून जास्त दर लावता येईनासा झाला. न्यू यॉर्क आणि व्हर्माँट तर वयानुसार दर बदलूच देत नाहीत, म्हणून साठीतल्या माणसाला ही चढ्या कराची राज्ये हप्त्याच्या बाबतीत सोयीची पडू शकतात. प्रत्येक राज्याचे दरविभाग पाडले गेले. फ्लोरिडात ६७ कौंट्या आहेत आणि दरविभागही ६७.

हप्त्यावरचे अनुदान मालमत्तेकडे न पाहता वर्षाच्या उत्पन्नावर ठरते. इथेच लवकर निवृत्त होणाऱ्यांच्या हाती एक किल्ली आली. पगार थांबलेला माणूस आपले उत्पन्न बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. बँकेतली रोकड खर्चली तर ते उत्पन्न नाही. शेअर विकले तर फक्त नफा मोजला जातो. निवृत्ती खात्यातून काढलेली करपात्र रक्कम मात्र पूर्ण धरली जाते. २०१४ साठी एकट्या माणसाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या चौपट, म्हणजे ४५,९६० डॉलर होती. तेवढ्या उत्पन्नावर, अनुदान जिच्यावरून मोजतात त्या प्रमाणित योजनेसाठी त्याला उत्पन्नाच्या साडेनऊ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ४,३६६ डॉलरपर्यंत भरावे लागत. वरचा हप्ता सरकार भरे. उत्पन्न एका डॉलरने वाढले की सगळे अनुदान गेले. डिसेंबरात एखाद्या म्युच्युअल फंडाने अनपेक्षित लाभांश वाटला तरी साठीतल्या माणसाला हजारो डॉलरचा फटका बसू शकत होता. या कड्याला २०२१ च्या कायद्याने उतार दिला आणि उत्पन्न कितीही असले तरी प्रमाणित योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर रोखला. पण ती सवलत मुदतीची होती आणि २०२२ च्या कायद्याने वाढवलेली मुदतही २०२५ अखेरपर्यंतचीच होती.

खालच्या बाजूलाही एक कडा तयार झाला. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या सर्वांना मेडिकेड द्यावे, असा मूळ कायदा होता. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती काढली आणि निर्णय राज्यांवर सोडला. ज्यांनी तो विस्तार स्वीकारला नाही, तिथे दारिद्र्यरेषेखालच्या प्रौढाला अनुदानही मिळत नाही आणि बहुधा मेडिकेडही नाही. प्राप्तिकर न घेणाऱ्या नऊ राज्यांपैकी फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी आणि वायोमिंग ही चार या गटात आहेत. तिथे राहणारा लवकर-निवृत्त माणूस उत्पन्न फार कमी दिसू नये याची काळजी घेतो आणि गरज पडली तर निवृत्ती खात्यातून मुद्दाम करपात्र रक्कम काढतो.

दोन तक्त्यांची जुळणी

या हिशेबाची साधने सत्तरच्या दशकापासून जमत गेली होती. १९७४ च्या कायद्याने वैयक्तिक निवृत्ती खाते आणले, १९७८ च्या करकायद्यातल्या ‘४०१ के’ कलमाने पगारातून करपूर्व बचतीची वाट काढली. व्हिकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांच्या १९९२ च्या पुस्तकाने नोकरी सोडण्याइतकी पुंजी साठवण्याची कल्पना घरोघरी नेली. आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये जुन्या बाजारभावांवरून दाखवले, की पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्क्यांच्या आसपास काढून पुढे महागाईप्रमाणे वाढवले तर पैसा तीस वर्षे पुरतो. एवढ्या तुटपुंज्या टक्केवारीत राज्याचा पाच टक्के कर किंवा महिना हजार डॉलरचा हप्ता मोठे भगदाड पाडतो, म्हणून जागेची निवड पुंजीच्या गणिताचाच भाग झाली.

या निवडीचे टोकाचे उदाहरण घरच नसलेल्यांचे आहे. मोटारघरातून देशभर फिरणारे निवृत्त लोक कागदोपत्री पत्त्यासाठी साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. साउथ डकोटात अशा फिरस्त्याला टपाल-सेवेचा पत्ता आणि राज्यातल्या छावणीत किंवा हॉटेलात एक रात्र काढल्याची पावती एवढ्यावर वाहन परवाना मिळतो. प्राप्तिकराचा प्रश्न त्या पावतीने मिटतो. विम्याचा मिटत नाही, कारण राज्यात मिळणाऱ्या अनेक योजना हद्दीबाहेरच्या डॉक्टरकडे तातडीच्या उपचारांपलीकडे काही देत नाहीत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या तक्त्यात आणखी रकाने असतात. ग्रीन कार्डावर बोलावलेल्या पासष्टीपुढच्या आईवडिलांनी तिथे कामाची वर्षे भरलेली नसतील, तर मेडिकेअरसाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते; ही अट १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली आहे. निवृत्त होऊन पुण्याला परतणाऱ्या अमेरिकी नागरिकाला सोशल सिक्युरिटीची रक्कम भारतात मिळते, पण पुण्याच्या रुग्णालयाचे बिल मेडिकेअर भरत नाही आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारचे करविवरणपत्र दरवर्षी भरावेच लागते. अधिवास रीतसर तोडला असेल तर जुन्या राज्याचा प्राप्तिकर तेवढा सुटतो.

पासष्टावा वाढदिवस झाला की दुसरा तक्ता बराचसा निकामी होतो. मेडिकेअर सगळीकडे असते, आणि राज्याराज्यांत फरक उरतो तो तिच्या जोडीला घ्यायच्या पूरक विम्यापुरता: न्यू यॉर्क आणि कनेटिकटमध्ये तो वर्षभरात केव्हाही, आजार न विचारता मिळतो, बहुतेक राज्यांत ही खात्री सुरुवातीच्या सहा महिन्यांपुरती असते. पहिला तक्ता मात्र तेव्हा अधिक महत्त्वाचा होतो, कारण सोशल सिक्युरिटी, पेन्शन आणि काही वर्षांनी निवृत्ती खात्यातल्या सक्तीच्या रकमा उत्पन्नात येऊ लागतात. म्हणून काही जण निवड दोन टप्प्यांत करतात: पासष्टीपर्यंत विमा परवडेल अशा राज्यात राहायचे आणि मेडिकेअरचे कार्ड हाती आल्यावर कर कमी असलेल्या राज्यात मुक्काम हलवायचा.